आठ सेंटिमीटरवरची दोन भोकं

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की नव्वदीचं दशक संपत आलेलं असताना, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, अहमदनगर शहरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मानवी मेंदूच्या संशोधनाला दोन भोकं पडली. दोन्ही गोल होती. दोहोंमधलं अंतर बरोबर आठ सेंटिमीटर होतं. ती पाडणारा इसम पूर्ण शुद्धीवर होता आणि त्याला पश्चात्ताप झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

संशोधन माझं होतं. भोकं भाऊसाहेबांची.

आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, आणि आमच्या ऑफिसात तीन कारकून असले तरी नुसतं ‘भाऊसाहेब’ म्हटलं की एकच माणूस समजायचा: वरिष्ठ लिपिक, खिशाला दोन पेनं, मनगटावर ठोक्याला जागणारं घड्याळ. ते रोज साडेदहाला मस्टर कुलपात टाकत. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी सावेडीहून लुना दामटत दहा एकोणतीसला पोचले, तर कुलूप आधीच लागलेलं. मी त्यांचं मनगट धरलं, घड्याळ चारचौघांना दाखवलं आणि कुलूप उघडायला लावलं. सही करताना मी हसले, तेवढं करायला नको होतं. त्या दिवसापासून आमचं वैर सुरू झालं, आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं मनापासून मी दुसरं काहीच केलेलं नाही.

ते माझे कागद ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवत. एकदा मी जिवाणूंची एक नळी मागवली, तर साठा नोंदवहीत त्यांनी विचारलं, “नग किती?” मी लिहिलं, “अगणित.” कागद परत आला: “नग आकड्यात लिहावेत.” मी एकावर बारा शून्यं काढून पाठवली. त्यावर शेरा आला, “मोजून घेतले काय?”

असो. त्या वर्षी मी पीएच.डी. करत होते आणि माझी नोंदणी संपत आली होती. एक वर्ष वाढवून हवं असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समितीपुढे काहीतरी ठोस दाखवायचं, नाहीतर पाच वर्षांच्या कामाला राम राम, असं मला बजावलं गेलं होतं. बजावणारे सर म्हणजे माझे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख. त्यांनी मला कधी मार्ग दाखवल्याचं आठवत नाही, पण रस्ता अडवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“माणसाच्या मेंदूतलं प्रथिन बनवायला लोक पुण्याला जातात, मुंबईला जातात,” ते म्हणाले होते. “तुम्ही नगरच्या बॅक्टेरियाकडून काय बनवून घेणार? झुणका?”

काय बनवून घेणार होते, ते सांगते. जिवाणूच्या पोटात डीएनएची एक चिमुकली बांगडी असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. त्या बांगडीत माणसाचं एखादं जनुक जोडलं की जिवाणू मुकाट्यानं माणसाचं प्रथिन बनवायला लागतो. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत एका प्रथिनाच्या गाठी सापडतात, हे तेव्हा नुकतंच उजेडात आलं होतं. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि तिथं त्या प्रथिनाच्या माळेतला एकच मणी बदललेला असतो. मला दोन्ही माळा हव्या होत्या, धडकी आणि बिघडलेली. शेजारी शेजारी ठेवून बिघडलेली लवकर गुंतते का, ते बघायचं होतं.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगते. आमच्या समोरच्या बंगलीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. हातानं, कंपास न घेता, फळ्यावर असा गोल काढत की मुलं टाळ्या वाजवत. त्या सुमाराला त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी गेटपाशी त्यांची खुर्ची बघायची आणि बशीत सांडलेला चहा.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेच्या बाईंकडे या दोन्ही माळांची जनुकं जोडलेल्या बांगड्या तयार होत्या. त्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर यायला अडीच महिने लागले, पण आलं ते घसघशीत. डीएनए पाठवायची तेव्हाची पद्धत मोठी गमतीची. थेंबभर द्रावण टिपकागदावर सोडायचं, वाळू द्यायचं, कुठं सोडलं ते कळावं म्हणून भोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि साध्या पाकिटातून पोस्टानं धाडायचं. वाळलेला डीएनए फार सोशिक असतो. विमान, पोस्टमन, उन्हाळा, सगळं सोसतो.

आमचं ऑफिस त्याला नवीन होतं.

महाविद्यालयाच्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पाकीट ऑफिसात फुटे. प्रत्येक कागदावर आवक शिक्का बसे, क्रमांक पडे, पंचिंग मशीननं दोन भोकं पडत आणि लाल टॅगनं तो फाईलला ओवला जाई. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामाला बाहेर होते. गुरुवारी परतले तर आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, दारातच म्हणाले, “बाई, तुमचं फारीनचं पाकीट सोमवारीच आलंय. भाऊसायबांकडं हाय.”

मी जिने कसे उतरले ते मला आठवत नाही. फाईल उघडली. वर पत्र, खाली टिपकागद. टिपकागदावर पेन्सिलीचे दोन गोल, एकाशेजारी १, दुसऱ्याशेजारी २, आणि दोन्ही गोलांच्या बरोबर मधोमध आरपार उजेड. उजेडातून लाल टॅग गेलेला.

“हे काय केलंत?”

“फाईल केलं,” भाऊसाहेब म्हणाले.

“यात डीएनए होता!”

“कागद कोरा होता.”

“कोरा कागद कोण पाठवतं परदेशातून?”

“तेच मी म्हटलं. कोरा कागद, वर दोन गोल. म्हटलं, तिकडचे लोक शिस्तीचे. पंचिंगच्या खुणा करून पाठवल्यात.” त्यांनी पट्टी काढून कागदावर ठेवली. “मोजा. बरोबर आठ. तुमच्या परदेशी बाईंना पद्धत कळते. इथं पाच वर्षं नोकरी करून तुम्हाला कळत नाही.”

खरंच बरोबर आठ होतं. त्या परदेशी बाईंनी जगातल्या सगळ्या अंतरांतून नेमकं हेच का निवडावं?

“पत्रात स्पष्ट लिहिलंय, गोलात डीएनए आहे!”

“पत्र तुमच्या नावचं. दुसऱ्याची पत्रं वाचायची मला सवय नाही.”

“पाकीट फोडायची आहे ती?”

“पाकीट फोडणं हे काम. वाचणं ही चहाडी.”

मी तो टिपकागद त्यांच्या टेबलावर आपटला आणि ओरडले, “ठेवा तुमच्या फाईललाच! फ्रेम करून लावा!” ते शांतपणे उठले, कागद पुन्हा ओवला आणि कोपऱ्यात पान क्रमांक घातला.

नवीन कागद मागवायचा तर पुन्हा अडीच महिने. समितीला अडीच आठवडे. तेव्हा उरला एकच मार्ग. कागदाची भोकं कुठं हवेत विरत नाहीत. ती मशीनच्या पोटात पडतात. माझा डीएनए त्या पंचिंग मशीनच्या तळाशी, दोन गोल टिकल्यांच्या रूपात, कचऱ्यात पडून होता.

“मशीन द्या,” मी म्हटलं.

“ऑफिसची मालमत्ता आहे. लेखी अर्ज करा.” आणि त्यांनी मशीन ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली.

मी अर्ज केला. विषय: पंचिंग मशीनच्या पोटातील कागदी टिकल्या मिळणेबाबत. तासाभरात परत. शेरा: “प्रयोजन नमूद करावे.” मी लिहिलं, “मेंदू.” पुन्हा परत. शेरा: “कोणाचा?”

मी काय लिहिलं ते इथं सांगत नाही. अर्ज प्राचार्यांकडे गेला, प्राचार्य बाहेरगावी, आणि शुक्रवार संपला.

शनिवारी स्नेहसंमेलनाचा बक्षीस समारंभ होता. पाहुणे म्हणून एका साखर कारखान्याचे चेअरमन आलेले, पांढरी टोपी, पांढरं धोतर, सोबत दोन जीप. मांडवाच्या तोंडाशी, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्यावर पुष्पवृष्टी झाली. झेंडूच्या पाकळ्या पडल्या, आणि पाकळ्यांबरोबर भुरुभुरु काहीतरी पांढरं. मी मान वर केली. गॅलरीत भाऊसाहेब उभे होते. हातात परात.

मग मला आठवलं. वर्षभराच्या टिकल्या साठवून संमेलनाला उधळायच्या, हा भाऊसाहेबांचाच शोध होता. फुलांत भर पडते, कचराही मार्गी लागतो. प्राचार्यांनी त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं एकदा.

माणसाच्या मेंदूचं प्रथिन घडवणारं जनुक नगरच्या भरदुपारी चेअरमनसाहेबांच्या टोपीवर बरसत होतं.

मी पर्समधून चिमटा काढला. टिपकागदाची टिकली ओळखणं सोपं: बाकीच्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या, ही जाड आणि खरबरीत. चेअरमनसाहेबांच्या खांद्यावर तशी एक मला स्पष्ट दिसली.

“साहेब, हलू नका!”

ते थिजले. त्यांना वाटलं गांधीलमाशी आहे. मी टाचा उंचावून चिमट्यानं टिकली उचलली, डोळ्यापाशी नेली. लग्नपत्रिकेचा जाड कागद निघाला. मागून सर दात आवळून म्हणाले, “मॅडम, नोकरी तरी ठेवा!” गॅलरीतून भाऊसाहेब पाहत होते, आणि तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. एखाद्याला घरबसल्या तमाशा बघायला मिळावा, तसा होता.

समारंभ संपल्यावर मी मांडवात जाजमावर गुडघे टेकून बसले. मामा झाडू घेऊन माझी वाट बघत उभे. तासाभरात चौदा संशयित टिकल्या सापडल्या. त्यांतल्या कोणत्या माझ्या ते ठाऊक नाही, आणि असल्या तरी १ कोणती नि २ कोणती, धडकी कोणती नि बिघडलेली कोणती, हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. मी तिथंच बसकण मारली आणि मामांना सगळं ऐकवलं. थेंब, टिपकागद, गोल, भोक. सरांना शिव्या, भाऊसाहेबांना शिव्या.

मामा राहात्याकडचे. ऐकून घेत, पण पटलं नाही की तोंडावर सांगत. ते म्हणाले, “बाई, एक इचारू? थेंब म्हंजी पान्याचाच न्हवं?”

“हो.”

“टीपकागदावर सोडला?”

“हो हो.”

“मग त्यो पसरला आसंल की. वड्याच्या तेलाचा डाग कसा कागदभर पसरतो? भोक पाडलं म्हून डाग जातो व्हय? कडंनं ऱ्हातोयच. लई शिकल्यात तुमी, पन येवढं न्हाई ध्यानात आलं?”

तो थेंब पेन्सिलीच्या रेषेपर्यंत पसरलेला होता, म्हणून तर तिथं रेष होती! गोल रुपयाएवढा, भोक शर्टाच्या बटणाएवढं. भोकाभोवती डीएनएचं अख्खं कडं शिल्लक होतं. १ च्या जागी १, २ च्या जागी २. तीन दिवस मी भोकाच्या मागे धावत होते आणि कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. उलट तो शत्रूच्या टेबलावर माझ्याच हातांनी आपटून आले होते.

सोमवारी सकाळी दहा एकोणतीसला मी भाऊसाहेबांपुढे उभी.

“तो टिपकागद द्या.”

“आवक झालेला कागद फाईलबाहेर जात नाही. झेरॉक्स नेता येईल. ‘खरी नक्कल’ शिक्का मारून देतो.”

डीएनएची झेरॉक्स! मी विचारलं, “फाईल बघता तर येईल?”

“बसून बघा. माझ्यासमोर.”

मी खुर्ची ओढून बसले. फाईल उघडली, टॅग सोडवला. गोड आवाजात विचारलं, “भाऊसाहेब, एक नियम सांगा. फाईलमधल्या कागदाला भोक पाडायचं तर कुणाची परवानगी लागते?”

“भोक पाडायला कसली परवानगी? रोज पाडतो.”

“कितीही मोठं?”

“मॅडम, वेळ जात नाही का तुमचा?”

मी पर्समधून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली पितळी नळी काढली. रबरी बुचाला भोक पाडायची असते ती, धारेची. पेन्सिलीच्या रेषेच्या अगदी आतून बसेल अशी मापाची शोधून आणली होती. टेबलावरच्या गठ्ठ्यावर कागद ठेवला, नळी टेकवली, पिळली. एक कडं सुटलं, ते १ लिहिलेल्या कुपीत. दुसरी स्वच्छ नळी, दुसरं कडं, ते २ लिहिलेल्या कुपीत. मग कागद पुन्हा ओवला आणि फाईल त्यांच्याकडे सरकवली.

“कागद फाईलमध्येच आहे. पान क्रमांकासकट. फक्त तुमची भोकं जरा ऐसपैस केली.”

भाऊसाहेबांनी कागद उचलला. त्या भोकातून टॅग कसला, अख्खा अंगठा गेला असता. ते ताडकन उठले. “ही मोडतोड आहे! मी मेमो काढीन!”

“काढा. दोन गोल काढून पाठवा, म्हणजे मला फाईल करायला बरं.”

त्या वाक्यासाठी देवानं मला जन्माला घातलं असावं, असं मला अधूनमधून वाटतं.

पुढचं काम. कडी थेंबभर पाण्यात भिजवली. जिवाणूंना बर्फात बसवून त्यात ते पाणी घातलं आणि चटकन कोमट पाण्याचा चटका दिला; त्या गडबडीत बांगडी आत शिरते. आमचं बर्फाचं यंत्र तेव्हा बंद होतं. बर्फ नागापूरच्या एमआयडीसीतून, गोणपाटात, मामांच्या सायकलच्या कॅरिअरवर आला. नंतर सगळे जिवाणू अशा ताटल्यांवर पसरले ज्यांत जिवाणू मारायचं औषध, म्हणजे त्यांचं विष, कालवलेलं असतं. त्या विषावरचा उतारा बांगडीतच असतो, म्हणून ती ज्याच्या पोटात गेली तोच वाचतो, बाकीचे मरतात. दुसऱ्या दिवशी १ च्या ताटलीत वाचलेल्या जिवाणूंचे चाळीसेक ठिपके. २ च्या ताटलीत एकही नाही.

सर डोकावले. “धडकं मिळालं? मग झालं तर. बिघडलेलं करायला आपण आहोतच.” आणि निघून गेले.

मी २ ची ताटली फेकली नाही. लोडशेडिंगमध्ये रात्री ताटल्या उबवायचं यंत्र चार तास बंद पडलं होतं, म्हणून आणखी एक दिवस राहू दिली. तिसऱ्या सकाळी तिच्या एका कडेला एकच ठिपका होता, मोहरीएवढा. मी मामांना हाक मारली. ते भिंगातून बघून म्हणाले, “येकच हाय, पन हाय.”

त्या प्रथिनाचा एक विलक्षण गुण आहे. जिवाणू फोडून सगळा रस उकळला, तर बाकीची प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटतात, आणि हे एकटं वर नितळ पाण्यात मजेत राहतं. मी ते स्टोव्हवर उकळलं. मग जेलच्या पातळ चिकट पाटीवर वीज लावून पळवलं आणि निळ्या रंगात बुडवलं. समितीच्या आदल्या दिवशी रंग धुऊन काढत गेले, तसे पाटीवर एका रांगेत दोन निळे पट्टे वर आले. शेजारी शेजारी, सारख्या उंचीवर. दिसायला तंतोतंत एक. त्यांतला एक माणसाच्या हातातून बटण सोडवतो, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

समितीत तिघे बाहेरचे आणि आमचे सर. तिघांनी पाटी उजेडाला धरली, उलटसुलट प्रश्न विचारले, घाम फोडला. शेवटी त्यांतले ज्येष्ठ म्हणाले, “वर्ष वाढवून देऊ.” सर लगेच म्हणाले, “मला पहिल्यापासून खात्री होती.” मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

“फक्त एक करा,” ज्येष्ठ म्हणाले. “हा जेल वाळवून पुरावा म्हणून फाईलला लावा आणि फाईल विद्यापीठात पाठवा. ऑफिसमार्फत.”

ऑफिसमार्फत!

जेल दोन सेलोफेनच्या कागदांत ताणून, चौकटीत घालून, दोन दिवस वाळवला. पापडाएवढा पातळ झाला. जगात त्याची दुसरी प्रत नव्हती. तो दोन्ही हातांत धरून मी जिना उतरले आणि भाऊसाहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. मेमो त्यांनी काढलेला होता, टेबलावरच पडला होता, नीट दोन भोकं पाडलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी जेल पुढे केला, पण सोडला नाही. त्यांनी दुसरं टोक धरलं. खिडकीच्या उजेडात त्यांनी ते दोन निळे पट्टे बराच वेळ निरखले, डावीकडून, उजवीकडून. मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, हे काय आहे, कशासाठी आहे. निदान एकदा तरी.

त्यांनी ड्रॉवरची किल्ली फिरवली, पंचिंग मशीन काढून उजव्या हातात घेतलं, आणि भर ऑफिसात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“मॅडम, ह्याच्यावर गोल कुठं काढलेत?”